नाही, तो अ‍ॅरे आहे

"इस्ट डास आइने लिस्ट?"

व्हिडिओ कॉलवर पलीकडून हा प्रश्न आला तेव्हा पुण्यात दुपारचे साडेतीन वाजले होते. स्क्रीनवर माझा कोड उघडा होता. मी जर्मनची बी-वन परीक्षा नुकतीच पास झाले होते आणि कुणीतरी मला जर्मनमध्ये काहीतरी विचारावं याची वाटच बघत होते. प्रश्न तर अगदीच सोपा होता. ही लिस्ट आहे का? मी ऐटीत उत्तर दिलं, "नाइन, डास इस्ट आइन अ‍ॅरे." नाही, तो अ‍ॅरे आहे.

दोन सेकंद शांतता. मग काका चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले.

ज्यांचा कोडिंगशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते: लिस्ट आणि अ‍ॅरे या माहिती ओळीने साठवायच्या दोन पद्धती आहेत. आणि काका म्हणजे आमच्या जर्मन क्लायंटकडचे सगळ्यात ज्येष्ठ अभियंते, निवृत्तीला तीनेक वर्षं उरलेले. पुण्याच्या टीमने आपापसात त्यांचं नाव 'काका' पाडलंय. एकदा चुकून ते त्यांच्यासमोर बोललं गेलं, तेव्हा त्यांनी अर्थ विचारून घेतला आणि तक्रार केली नाही.

हसू ओसरल्यावर ते म्हणाले, "यादी म्हणजे लिस्टं. शेवटी एक छोटासा 'अ' ऐकू येतो. मी विचारलं लिस्ट. तुझ्या एकशे बाराव्या ओळीवर तो जो 'इफ' आहे, तो लिस्ट आहे का? शब्दकोशात बघ आणि सोमवारी मला सांग."

कॉल संपला. तो 'इफ' काय होता हे मला चांगलं माहीत होतं. म्हणूनच मी आधी शब्दकोश उघडला.

*

लिस्ट, स्त्रीलिंगी नाम. पुढे इंग्रजी अर्थांची रांग: कनिंग, गाइल, ट्रिक, रूझ, आर्टिफिस, स्ट्रॅटजेम. एका शब्दाला इतके पर्याय दिसले की समजायचं, त्यातला एकही नीट बसत नाहीये.

कनिंग हा माणसाचा गुण झाला. रूझ ही एकदा केलेली कृती. लिस्ट दोन्ही आहे. एखादं काम 'लिस्टने' करता येतं आणि एखादी 'लिस्ट' रचताही येते. गाइलमध्ये तर काळं मन गृहीतच धरलेलं आहे. म्हणून इंग्रजीत 'गाइललेस' ही स्तुती होते, आपल्या 'निष्कपट'सारखी. ट्रिक फारच ऐसपैस. जादूगाराची, कुत्र्याला शिकवलेली, एक्सेलमधली आणि भामट्याची, सगळ्यांची ट्रिकच. स्ट्रॅटजेमला सैन्याचा वास येतो. ट्रॉयच्या लाकडी घोड्याची कल्पना लढवणाऱ्या ओडिसियसला जर्मनमध्ये 'लिस्टेनराइष' म्हणतात, म्हणजे लिस्टने समृद्ध. इंग्रजीत त्याचं 'वायली' होतं आणि समृद्धी कुठच्या कुठे जाते. उरतो तो फक्त कोल्ह्यासारखा चेहरा.

मग माझ्या लक्षात एक गोष्ट आली. जर्मन माणसाला वाईट लिस्ट म्हणायची असेल तर वेगळा शब्द करावा लागतो. 'हिंटर' म्हणजे मागे, म्हणून हिंटरलिस्ट: पाठीमागून केलेली. 'आर्ग' म्हणजे वाईट, म्हणून आर्गलिस्ट: दुष्ट हेतूने केलेली. म्हणजे नुसत्या लिस्टवर अजून आरोपपत्र दाखल झालेलं नाही. तिचं काय होणार हे तिला कुठला उपसर्ग लागतो त्यावर ठरतं.

मराठीत मला याच्या जवळचा शब्द सापडला तो उलट्या बाजूने. आपल्याकडे 'कावेबाज' ही शिवी आहे. पण त्याच काव्याच्या मागे 'गनिमी' लावा, छाती फुगते. तिकडे उपसर्ग लावून शब्द बिघडतो, इकडे विशेषण लावून सुधारतो. नुसती लिस्ट मात्र या दोन टोकांच्या मधे कुठेतरी उभी राहते, आपल्या 'युक्ती'च्या शेजारी.

शुक्रवार रात्री साडेअकरापर्यंत मी हेच वाचत बसले होते. एकशे बारावी ओळ अजून उघडलेली नव्हती.

*

शनिवारी शब्दाच्या मुळाशी गेले, आणि तिथे जे सापडलं ते इंजिनिअर म्हणून मला जास्तच लागलं.

लिस्ट हा शब्द लेर्नेन आणि लेरेन, म्हणजे शिकणे आणि शिकवणे, या क्रियापदांचा नातेवाईक आहे. त्याचा मूळ अर्थ फसवणूक नव्हताच, 'जाण' असा होता. योस्ट ट्रियर नावाच्या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने १९३१ साली बुद्धीविषयीच्या जुन्या जर्मन शब्दांवर एक पुस्तक लिहिलं. त्याची मांडणी साधारण अशी: सन १२०० च्या सुमारास ज्ञानाच्या प्रदेशात तीन शब्द नांदत होते. दरबारी, उच्चकुलीन विद्यांसाठी 'कुन्स्ट', कारागिरांच्या आणि तांत्रिक कौशल्यांसाठी 'लिस्ट', आणि दोघांना पोटात घेणारं, देवाधर्मापर्यंत पोचणारं 'वीसहाइट'. शंभर वर्षांनी, १३०० च्या आसपास, लिस्ट त्या प्रदेशातून बाहेर पडली होती. तिच्या जागी जाणण्यासाठी दुसराच शब्द आला. कुन्स्टचा आजचा अर्थ कला. लिस्टचा आजचा अर्थ तुम्हाला माहीत आहे.

म्हणजे हाताने काहीतरी बनवणाऱ्यांच्या ज्ञानाचा शब्दच घसरत घसरत चलाखीपाशी आला.

हे फक्त जर्मनचं नाही. इंग्रजी 'कनिंग' हा 'जाणणे' या अर्थाच्या जुन्या क्रियापदातून आला. 'क्राफ्ट' म्हणजे कसब, पण 'क्राफ्टी' म्हणजे धूर्त. आमच्या डिग्रीवर छापलेला 'इंजिनिअर' ज्या जुन्या फ्रेंच 'अँजँ'वरून आला, त्याचे अर्थ होते बुद्धी, युद्धयंत्र आणि कपट. मराठीतली हिकमत अरबीतून आली, तिथे तिचा अर्थ शहाणपण. आपल्याकडे 'हिकमती माणूस' म्हटलं की ऐकणारा हसतो आणि खिसाही चाचपतो. 'युक्ती'चं मूळ जोडण्यात आहे. आणि 'यंत्र'? त्याच्यामागे 'षड्' लागला की संपलंच. लहानपणी 'हुशार आहेस' हे कौतुक असतं आणि पाच मिनिटांनी त्याच घरात 'जास्त हुशारी करू नकोस' ही धमकी असते.

असं का होत असेल? ज्याला यंत्राच्या आतलं कळतं त्याच्यावर बाकीच्यांना विश्वास ठेवावा लागतो. त्यांना आत बघता येत नाही. विश्वास ठेवावा लागला की पाठोपाठ संशय येतोच. मेकॅनिकने बॉनेट उघडून "मॅडम, हे पूर्ण बदलावं लागेल" म्हटल्यावर आपल्याला जे वाटतं, ते त्या शंभर वर्षांत लिस्टच्या वाट्याला आलं असावं, असा माझा अंदाज.

पण जर्मन तत्त्वज्ञांनी तिला पुरतं टाकलं नाही. हेगेलचा 'लिस्ट डेअर फेरनुन्फ्ट' हा शब्दप्रयोग प्रसिद्ध आहे. इंग्रजीत तो 'कनिंग ऑफ रीझन' म्हणून रुळलाय: माणसं आपापल्या इच्छांमागे धावतात आणि इतिहास त्यांच्याकडून स्वतःचं काम करून घेतो. त्याने अवजारं आणि यंत्रांबद्दल लिहितानाही हाच शब्द वापरला. निसर्गातल्या वस्तूला तिच्या स्वभावाप्रमाणे वागू द्यायचं, आणि त्यातून आपलं काम साधायचं. पाणचक्कीसारखं. पाणी उतारावरून वाहतं, ते त्याला हवंच असतं. आपण मधे एक चाक ठेवतो आणि पीठ मिळवतो. पाण्याशी कुणी खोटं बोललेलं नाही.

हे वाचून मला फार बरं वाटलं. चला, म्हणजे लिस्ट करणं हेच आपलं काम आहे. मग मी एकशे बारावी ओळ उघडली, आणि तिथे पाणी नव्हतं.

*

आता त्या ओळीबद्दल. आमचं उत्पादन म्हणजे गाडीतला शीतक पंप चालवणारा छोटा नियंत्रक. गाडी सुरू झाली की त्याने तापमानाच्या सेन्सरकडून २०० मिलिसेकंदांच्या आत पहिला खरा आकडा घ्यायला हवा, अशी अट. आमच्या टेस्ट बेंचवर रोज रात्री ही चाचणी आपोआप चालायची. पंधरापैकी चार-पाच वेळा उत्तर २४०-२५० मिलिसेकंदांनी यायचं आणि सकाळी स्क्रीनवर लाल खूण दिसायची.

सगळ्यांचं मत एकच होतं: बेंच जुना झालाय, तोच हळू आहे. माझंही तेच मत होतं. त्या शुक्रवारी डिलिव्हरी होती. बेंच चालू असताना वायरवरून एक विशिष्ट संदेश पाठवत राहतो, जो रस्त्यावरच्या गाडीत कधीच येत नाही. मी तो हेरला. संदेश दिसला, तर सेन्सरची वाट बघायची नाही, मागच्या वेळचा साठवलेला आकडा लगेच द्यायचा. चार ओळी. कमिटच्या संदेशात लिहिलं, 'वर्कअराउंड फॉर स्लो बेंच'. शनिवारी सकाळी सगळं हिरवंगार. ग्रुपवर तीन जणांनी टाळ्यांचे इमोजी टाकले.

काकांच्या नजरेस ते पडेपर्यंत १९ दिवस गेले होते.

शनिवारी संध्याकाळी मी आमच्या लीडला फोन केला. म्हटलं, सोमवारी लेखी द्यावं लागेल, काय लिहू? तो म्हणाला, "वर्कअराउंड लिही गं. सगळे तेच लिहितात. आणि इतकं मनाला काय लावून घेतेस? तू काय फोक्सवॅगन केलंस का?"

तो धीर द्यायलाच म्हणाला होता. पण त्याने नाव घेतलं आणि ते डोक्यातून जाईना.

*

१८ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगनला नोटीस दिली, तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होते. कंपनीच्या डिझेल गाड्यांमधलं सॉफ्टवेअर स्टिअरिंगची स्थिती, वेग, इंजिन किती वेळ चालू आहे आणि हवेचा दाब यांवरून ओळखायचं की गाडी प्रयोगशाळेत तपासली जातेय की रस्त्यावर धावतेय. प्रयोगशाळेत रोलरवर चाकं फिरतात, पण स्टिअरिंग कुणी वळवत नाही. तपासणी सुरू आहे असं दिसलं की प्रदूषण रोखणारी यंत्रणा पूर्ण चालायची. रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइडचं प्रमाण मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जायचं. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांमध्ये हे सॉफ्टवेअर होतं. २०१७ मध्ये कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल केला. त्याच वर्षी त्या प्रकरणातल्या एका अभियंत्याला ४० महिन्यांची कैद झाली.

हे मला ढोबळपणे माहीत होतं. त्या शनिवारी मी पहिल्यांदा फक्त शब्द बघितले. एकाच गोष्टीला किती नावं.

जर्मन वृत्तपत्रांत सर्रास चालला तो शब्द 'शुमेलसॉफ्टवेअर'. शुमेल्न म्हणजे काय? मुलं लुडो खेळताना हळूच सोंगटी एक घर पुढे सरकवतात ते. परीक्षेत शेजारच्या पेपरात डोकावणं. इंग्रजी वाचक त्याचं 'चीट' करतो, पण चीट नवऱ्याबायकोतही होतं आणि त्यात घर मोडतं. शुमेल्नमध्ये कुणाचं घर मोडत नाही. मराठीत आपण म्हणू, रडीचा डाव. शुमेलसॉफ्टवेअर म्हणजे रडीच्या डावाचं सॉफ्टवेअर. त्याचाच भाऊ 'मोगेल्न'. मोठ्या खोक्यात थोडाच माल भरून विकला तर ते 'मोगेलपाकुंग', चिप्सचं पाकीट उघडल्यावर आपल्याला आठवावा असा शब्द. २०१५ च्या जर्मनीतल्या 'वर्षाचा शब्द' यादीत पहिल्या दहांत 'मोगेल-मोटोर' होता.

कायद्याची भाषा दुसऱ्या टोकाला. युरोपच्या २००७ च्या एकाच नियमाच्या इंग्रजी प्रतीत 'डिफीट डिव्हाइस' आहे, हरवणारी, मात करणारी गोष्ट. जर्मन प्रतीत त्याच जागी 'आबशाल्ट-आइनरिष्टुंग', बंद करणारी यंत्रणा. इंग्रजीत निदान कुणीतरी कुणाला तरी हरवतंय. जर्मनमध्ये जिन्यातल्या दिव्याचं बटण वाटावं असा शब्द. कंपनीच्या अहवालांत 'डीझेलथेमाटिक', म्हणजे 'डिझेलचा विषय'. आणि अमेरिकेतल्या कबुलीजबाबासोबतच्या कागदपत्रांनुसार, आतले लोक त्याला जी नावं द्यायचे त्यांत एक होतं 'अकूस्टिक फंक्शन'. ऐकणाऱ्याला वाटेल, इंजिनाचा आवाज कमी करणारं काहीतरी असेल.

माझं 'वर्कअराउंड फॉर स्लो बेंच' मला तेव्हा आठवलं. बेंचलाही माहीत नव्हतं की तो स्लो आहे.

मग २५ मे २०२० ला कार्ल्सरूहेच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचा निकाल. न्यायालयाने म्हटलं की हे वागणं मूल्यमापनात गाडी विकत घेणाऱ्यांच्या थेट 'आर्गलिस्टिगं टॉयशुंग'च्या बरोबरीचं आहे. दुष्ट हेतूने केलेली फसवणूक. पाच वर्षांनी का होईना, लिस्टला तिचा उपसर्ग लागला. आणि वाक्यात गाडी विकत घेणारा माणूस दिसला.

*

एक मात्र कबूल करते. जर्मन लोकांना, आणि आपल्यालाही, काही फसवणुका मनापासून आवडतात. १६ ऑक्टोबर १९०६ ला विल्हेल्म फोग्ट नावाच्या, अनेकदा तुरुंगात जाऊन आलेल्या एका चांभाराने जुन्या बाजारातून जमवलेला कॅप्टनचा गणवेश चढवला. रस्त्यावरचे सैनिक हुकूम देऊन सोबत घेतले, बर्लिनजवळच्या क्योपेनिकच्या नगरपालिकेत शिरला, महापौरांना अटक केली आणि तिजोरी घेऊन गेला. कुणी ओळखपत्र विचारलं नाही. त्याला चार वर्षांची शिक्षा झाली, पण १९०८ मध्ये कैसरने माफी दिली. आज त्याच नगरपालिकेच्या पायऱ्यांवर त्याचा पुतळा आहे आणि अशा प्रकारांना 'क्योपेनिकियाडं' म्हणतात. फसवले गेले ते गणवेशापुढे टाचा जुळवणारे, म्हणून सगळे हसले.

मी विचार करून बघितला, माझ्या चार ओळींवर असं कोण हसेल? माझ्याकडे गणवेश नव्हता, समोर महापौरही नव्हता.

उत्तराजवळ मला नेलं ते युद्धाच्या नियमांनी, जिथे मी अपेक्षाच केली नव्हती. युद्धात लिस्ट चालते. 'क्रीग्सलिस्ट' १९०७ च्या हेग नियमांतही मान्य आहे. झाडाझुडपांचा वेष करा, खोटे रणगाडे उभे करा, शत्रूच्या कानावर चुकीची बातमी घाला. पण १९७७ च्या जिनिव्हा करारांच्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलचं ३७ वं कलम एक रेघ ओढतं. पांढरं निशाण दाखवून, जखमी किंवा साधा नागरिक असल्याचं सोंग करून शत्रूला मारायचं नाही. इंग्रजीत याला 'परफिडी' म्हणतात, जर्मनमध्ये 'हाइमट्यूकं', आणि आपल्याकडे विश्वासघात. दोन्हीकडे फसवणूकच आहे. फरक इतकाच की खोट्या रणगाड्यावर विश्वास ठेवायला कुणी शत्रूला सांगितलेलं नसतं. पांढऱ्या निशाणावर मात्र सगळ्यांनी विश्वास ठेवायचा असं आधी ठरलेलं असतं. ते एकाने खोटं वापरलं की पुढच्या खऱ्या निशाणावरही गोळी चालते.

आमच्या ऑफिसात पांढरं निशाण हिरव्या रंगाचं असतं. सकाळी चहा घेऊन येणारा प्रत्येक जण त्या खुणेकडे बघतो आणि आत न डोकावता पुढच्या कामाला लागतो. तसंच ठरलेलं आहे. मी सेन्सरला फसवलं नव्हतं, त्याला तर विचारलंसुद्धा नव्हतं. बेंचलाही फसवलं नव्हतं, बेंचला मन नसतं. हिरवी खूण बघून ज्यांनी टाळ्यांचे इमोजी टाकले होते, त्यांना फसवलं होतं. आणि मला स्वतःला. बेंच हळू आहे हे मी एकदाही मोजून बघितलं नव्हतं.

*

रविवारी मी ती नोंद चार वेळा लिहिली. पहिल्या मसुद्यात 'वर्कअराउंड' होतं. दुसऱ्यात 'बेंचसाठी एक तात्पुरती अट समाविष्ट करण्यात आली होती'. हे वाक्य वाचून मला माझंच हसू आलं, कारण त्यात कुणीच काही केलेलं नव्हतं. तिसऱ्यात मी रागाने 'फ्रॉड' लिहिलं. तेही खोटंच होतं. त्यात मी माझ्या चार ओळींना चाळीस महिन्यांच्या कैदेशेजारी बसवून उगाच मोठी होत होते. जरा जास्तच कडक शब्द वापरला की समोरचा म्हणतो, अगं, इतकंही काही नाही, आणि विषय मिटतो. तो मोहही होताच.

चौथ्यात मी नाम शोधणं सोडून दिलं. तीन वाक्यं लिहिली. मी ओळ ११२ वर एक अट टाकली. त्या अटीमुळे कोड टेस्ट बेंच ओळखतो आणि बेंचवर असताना सेन्सरची वाट न बघता जुना आकडा देतो. त्यामुळे ही चाचणी १९ दिवस पास दिसत होती, पण होत नव्हती.

सोमवारी कॉलवर काकांना म्हटलं, "नाइन. काइने लिस्ट. आइने टॉयशुंग." नाही, लिस्ट नाही. फसवणूक. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "इष बिन एंटटॉयश्ट." जर्मन क्लासमध्ये हे वाक्य पाठ करून घेतात: मी निराश झालोय. ऐकायला अजिबात सोपं नव्हतं. थोडं थांबून ते पुढे म्हणाले, "आबर निष्ट मेअर गेटॉयश्ट." पण आता फसलेला नाहीये.

हा शब्दखेळ इंग्रजीत करताच येत नाही. टॉयशुंग म्हणजे फसवणूक, भ्रम. एंटटॉयशुंग म्हणजे तो भ्रम काढून घेणं. इंग्रजीत त्याचं 'डिसअपॉइंटमेंट' होतं आणि त्यात भ्रमही नाही, त्याचं जाणंही नाही. मराठीत मात्र तो शब्द जसाच्या तसा तयार आहे: भ्रमनिरास. शाळेपासून निबंधांत 'माझा भ्रमनिरास झाला' लिहीत आले, पण त्यातला निरास म्हणजे दूर करणं हे कधी लक्षातच आलं नव्हतं. भ्रम जातो तेव्हा दुखतं, म्हणून आपण शब्दाचा अर्थच दुखणं असा करून टाकला.

पुढचं थोडक्यात. अट काढल्यावर लाल खुणा परत आल्या. बेंचचा वेग मोजला, तो बरोबर होता. आमचाच कोड सुरू होताना आधी मेमरी वाचत बसायचा आणि मग सेन्सर जागा करायचा. दोन ओळींचा क्रम बदलला, उत्तर १७० मिलिसेकंदांत यायला लागलं. नियंत्रक अजून कुठल्याही गाडीत बसलेला नव्हता. लीड दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलला. म्हणाला, "क्लायंटला पाठवण्याआधी मला दाखवायला हवं होतंस." ते त्याचं बरोबर होतं. त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये माझ्याबद्दल एक ओळ आली, ती चांगली नव्हती.

गिटमध्ये जुने कमिट पुसून इतिहास नव्याने लिहिण्याची सोय असते. मी एकदा कमांड टाइपही केली होती. मग तशीच खोडली. 'वर्कअराउंड फॉर स्लो बेंच' अजून तिथे आहे, माझ्या नावासकट. त्याच्यावर १९ दिवसांनंतरची तारीख असलेला दुसरा कमिट आहे. त्याच्या संदेशात नाम नाही, फक्त कोड काय करत होता आणि आता काय करतो ते लिहिलंय.